आधी इंजिन बंद पडलं

ट्रॅक्टर धुताना सायलेन्सरच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबायचा, हे मला कुणी मुद्दाम शिकवलं नाही. आमच्याकडं सगळेच तसं करतात. खंडेनवमीला घरातली नि शेतातली सगळी हत्यारं धुवून पुजायची असतात. कोयता, कुदळ, पाण्याची मोटर, शिलाई मशीन, ट्रॅक्टर. पाइपानं पाणी मारायचं म्हटलं की आधी जिथं जिथं भोक आहे तिथं चिंधी बसवायची, म्हणजे पाणी आत जात नाही. धुऊन झालं की काढायची. काढायची विसरली नि ट्रॅक्टर चालू केला, तर बोळा फटकन उडून लांब पडतो, पोरं हसतात, विषय संपतो.

विमानाचं तसं नसतं.

मी आता पन्नाशी ओलांडली आहे. पणदऱ्याच्या रस्त्याला माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. बोलणं माझं पहिल्यापासून कमी. बायको म्हणते, "ह्यांच्या तोंडातनं शब्द काढायचा म्हंजी खोल हिरीतनं बादली वडायची." तिला सवय झाली आहे. मला वाटतं, एक गोष्ट सांगायची नाही म्हणून इतकी वर्षं तोंड दाबून धरलं, त्यात बाकीचं बोलणंही आपोआप दाबलं गेलं. ती गोष्ट अशी आहे की माझ्यामुळं एका चांगल्या वैमानिकाचं उडणं सुटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे स्वतःच्या हातावरचा त्याचा भरवसा गेला. बारामतीत अजून काही लोक त्यांचं नाव काढून हसतात. हसणाऱ्यांना खरं काय झालं ते माहीत नाही. मला माहीत आहे.

आमचं घर मूळचं मोरगावकडचं. आजोबांपर्यंत मेंढरं होती. वडिलांनी ती मोडली आणि कोरडवाहू तुकड्यात बाजरी लावली. मी बारामतीत एका गॅरेजात ग्रीस पुसायला लागलो. नव्वदनंतरची ती वर्षं. कारखाने येत होते, गावाबाहेर विमानाची धावपट्टी झाली होती, आणि एका कारखानदाराला स्वतःच्या विमानाची हौस आली. त्यांना आम्ही मालक म्हणायचो. विमान जुनंच, चार माणसांचं, एका इंजिनाचं. पंख डोक्यावर, खाली तीन चाकं. लांबून खेळण्यासारखं दिसायचं. मालकांनी मला गॅरेजातून उचलून त्या शेडवर नेमलं. विमान ढकलत बाहेर काढायचं, पुसायचं, बॅरलमधून हातपंपानं पेट्रोल चढवायचं, आणि धावपट्टीवर शेळ्या आल्या की हाकलायच्या. माझं नुकतंच लग्न झालं होतं. सासुरवाडीला सांगितलं होतं, जावई विमानावर आहे. शेळ्यांचं सांगितलं नव्हतं.

उडवायला साहेब होते. पुण्याचे. चाळिशीतले, शिडशिडीत, बोलण्यात तिरकस पण कुणाला लागेल असं न बोलणारे. बायकोसह बारामतीत भाड्यानं राहायचे. मूलबाळ नव्हतं. त्यांची एक सवय होती. उडायच्या आधी विमानाला हळूहळू एक फेरी घालायचे आणि प्रत्येक वस्तूला हात लावायचे. चाक, बिजागरी, पुढचा पंखा. नुसतं बघायचे नाहीत, हात लावायचे. मी एकदा म्हटलं, "साहेब, रोज रोज काय चाचपता? कालच तर बघितलं."

"बायकोला काल विचारलं होतं जेवलीस का, म्हणून आज विचारत नाहीस का?"

"न्हाय इचारत."

"म्हणूनच तुझ्या डब्यात रोज भेंडी असते."

डाव्या पंखाखाली बोटभर जाडीची एक नळी बाहेर आलेली होती. तिच्या तोंडाला ते बोट लावून बघायचे. ही नळी कशाला, ते त्यांनीच मला सांगितलं होतं. गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल धड बाहेर येत नाही, दुसरं भोक हवेसाठी पाडावं लागतं. विमानाच्या दोन्ही पंखांत एकेक टाकी, पण दोन्हींना हवा याच एका नळीतून. इंजिन पेट्रोल ओढतं, तेवढी हवा या नळीतून टाकीत शिरली पाहिजे. नाही शिरली तर टाकी भरलेली असून इंजिन उपाशी. हे मला माहीत होतं. कुणी म्हणेल, अडाणी माणूस, त्याला काय कळणार. मला कळत होतं.

आणि दुसरं एक त्यांनी सांगितलं होतं. पेट्रोलमध्ये पाणी गेलं तर संपलं. रोज सकाळी ते टाकीच्या बुडातून थोडं पेट्रोल काचेच्या भांड्यात काढून उजेडात धरायचे, पाण्याचा थेंब दिसतो का बघायला. माझ्या डोक्यात ही पाण्याची भीती पक्की बसली होती.

खंडेनवमीला मालकांनी फर्मान काढलं. विमान धुवा, पुजा, आणि दसऱ्याला त्याचं सीमोल्लंघन झालं पाहिजे. बारामतीची शीव ओलांडून इंदापूर तालुक्यात जायचं आणि परत यायचं. मालकांच्या घरी पूर्वी घोडी होती, दसऱ्याला ती शिवेबाहेर नेऊन आणायचे म्हणे. आता घोडीच्या जागी विमान.

मी पाण्याचा पाइप लावला. लावण्याआधी, पाणी नळीतून टाकीत जाईल म्हणून, जुन्या धोतराची चिंधी ओली करून तिचा बोळा नळीत बसवला. चिंधीचं टोक बाहेर लोंबत होतं, ते पूजेत घाण दिसेल म्हणून काडीनं आत ढकललं. काळजीनंच केलं हो सगळं. आयुष्यात एखादं काम इतक्या काळजीनं मी क्वचितच केलं असेल. विमान लखलखीत झालं. मग झेंडूच्या माळा. पुढच्या पंख्याला एक, चाकांना एकेक, आणि डाव्या-उजव्या पंखांना टेकू देणाऱ्या दांड्यांना दोन मोठ्या. डावीकडची माळ बरोबर त्या नळीच्या पुढं लोंबत होती. संध्याकाळी मालकांच्या आईंनी येऊन हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मी प्रसाद खाल्ला आणि घरी गेलो. बोळा डोक्यातून साफ गेला.

दसऱ्याला सकाळी शेडपाशी गर्दी. मालक, त्यांचे पाहुणे, कारखान्यातली माणसं, सगळे नव्या कपड्यांत. मुहूर्त गुरुजींनी काढून दिलेला, आणि मालक सारखे घड्याळ बघत होते. साहेबांनी फेरी सुरू केली, तर मालक म्हणाले, "कॅप्टन, मुहूर्त टळतोय. तुम्ही काय लगीन लावताय का तिच्याशी?" सगळे हसले. साहेबही हसले. ते अर्ध्या फेरीवर होते, मी डाव्या दांड्यावरची माळ सोडत होतो. त्यांनी मला विचारलं, "या बाजूचं सगळं नीट बघितलंस?"

"बघितलं, साहेब."

मी बघितलं नव्हतं. माळेची गाठ सुटत नव्हती आणि माझं लक्ष गाठीत होतं. पण एवढ्या माणसांत, नवा शर्ट घालून, "थांबा, बघतो" म्हणायला जीभ उचलली नाही. त्यांनी मान हलवली आणि आत चढले. रोज हात लावणारा माणूस त्या एका दिवशी माझ्या शब्दावर गेला.

मालक मला म्हणाले, "पूजा तू केलीस, आता सोनं घेऊन तूच जा." हातात आपट्याच्या पानांची पिशवी दिली. मी पहिल्यांदाच विमानात बसलो, साहेबांच्या शेजारी. धावपट्टी सुटली तसे मी डोळे घट्ट मिटले. साहेब ओरडून म्हणाले, "अरे, उघड डोळे! फुकटचं दिसतंय." मी उघडले. खाली उसाचे हिरवे चौकोन, मधून कालवा, रस्त्यावर एस्टी. माझ्या लग्नातसुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता. हे बायकोनं वाचलं तरी चालेल.

शीव ओलांडली, थोडं इंदापूरकडं जाऊन वळलो, आणि अंथुर्ण्याच्या आसपास इंजिन खोकलं. मग एकदा परत. साहेबांनी एक बटण दाबलं, थ्रॉटलचा दांडा पुढं-मागं केला, पेट्रोलचा कॉक एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर फिरवून बघितला नि हात परत थ्रॉटलवर ठेवला. इंजिन थोडं धरायचं, सोडायचं. मग थांबलं. पुढचा पंखा हळूहळू फिरत होता आणि वाऱ्याचा आवाज तेवढा येत होता. इतकी शांतता वर असते हे मला माहीत नव्हतं.

ते मला म्हणाले, "पट्टा आवळ. तोंडासमोर हात धर, मी सांगेन तेव्हा." आवाज रोजचाच होता. ते खाली बघत होते. उसात उतरता येत नाही, विजेच्या तारा, विहिरी, बांध. एका बाजूला बाजरी कापून नेलेलं लांबट रान होतं. त्यांनी तिकडं वळवलं. जमीन जवळ आल्यावर, आणि हे मी नीट लिहितो आहे कारण सगळं यावर आहे, जमीन जवळ आल्यावर त्यांनी हात खाली नेला आणि पेट्रोलचा कॉक बंद केला. मग विजेची चावी बंद केली. तोच नियम असतो, आपटलं तर पेट घेऊ नये म्हणून. माझे डोळे सताड उघडे होते. मी बघितलं. आधी इंजिन बंद पडलं, मग बऱ्याच वेळानं त्यांचा हात कॉक बंद करायला गेला.

विमान धाडकन टेकलं, उडालं, परत टेकलं, धसकटांतून खडखडत गेलं. एक टायर फुटला, डाव्या पंखाचं टोक बाभळीला घासलं, आणि थांबलं. आम्हांला खरचटलंसुद्धा नाही. साहेबांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "झालं तुमचं सीमोल्लंघन."

माणसं पळत आली. ज्यांचं रान ते शेतकरी तात्या सगळ्यांत पुढं, सत्तरीचे, फेटा बांधता बांधता. विमानाकडं, मग आमच्याकडं बघून म्हणाले, "कुठनं आलं म्हनायचं?"

"बारामतीवरनं, तात्या," मी म्हणालो.

"बारामतीवरनं? मग एस्टीनं यायचं की! अंथुर्न्याला थांबती."

साहेब इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले. बायका आल्या, त्यांनी विमानाच्या नाकावरचं कालचं हळदकुंकू बघितलं आणि त्यावर आणखी लावलं. दसरा होता. जो येईल तो साहेबांच्या हातात आपट्याचं पान देऊन पाया पडायला वाकायचा. ते ओशाळून म्हणायचे, "अहो, मी पडलोय इथं, माझ्या कसल्या पाया पडता!"

"पडला न्हाय, उतारला," तात्या म्हणाले. "पडल्यालं मी बैलगाडीतनं लई बघितल्यात."

मग साहेब मालकांना फोन करायला तात्यांच्या नातवाबरोबर मोटरसायकलवर गावात गेले. मला म्हणाले, "कुणाला हात लावू देऊ नकोस."

मी पंखाखाली सावलीत बसलो आणि वर बघितलं. नळी डोळ्यासमोर होती.

बोळा मी काढलाच नव्हता. मी उठून काडी शोधली. चिंधी फुगून घट्ट बसली होती. ओढली तशी टाकीनं एक लांब सुस्कारा टाकला, हवा आत ओढली गेली. तो आवाज मी ऐकला. तेव्हा तरी ती चिंधी हातात धरून बसायला हवं होतं, साहेब येईपर्यंत. नुसतं बसायचं होतं. मी टाचेनं माती उकरली आणि ती पुरली.

तात्यांची म्हातारी बघत होती. "काय पुरलं रं, बाबा?"

"नारळाची शेंडी हाय, आजी. पूजेची."

तिनं कमरेच्या पिशवीतून चिमूटभर कुंकू काढलं, त्या जागेवर वाहिलं आणि हात जोडले. मी पण जोडले.

दुसऱ्या दिवशी मालक आले, सोबत पुण्याहून आणलेला एक मिस्त्री. त्यानं सगळं उघडून बघितलं, टाकीत पेट्रोल भरपूर, पाण्याचा थेंब नाही. कॉक उघडून इंजिन चालू केलं, ते पहिल्या फटक्यात लागलं आणि छान चालत राहिलं. मिस्त्री म्हणाला, मला काही सापडत नाही, कॉक तेवढा बंद होता.

मालकांचा चेहरा बदलला. "टाकी भरलेली. इंजिन ठणठणीत. कॉक बंद. मग काय भुतानं बंद केलं?"

साहेब म्हणाले, "उतरताना मी बंद केला. नियम आहे तो. इंजिन त्याच्या आधी थांबलं होतं."

"तुम्ही म्हणताय."

"हो, मी म्हणतोय."

"टाकी बदलायला गेला असाल नि बंद झाला असेल. माणूस आहे, चुकतो. कबूल करायला काय जातं?"

"झालं असतं तर केलं असतं कबूल."

मालक माझ्याकडं वळले. "तू शेजारी होतास की रे. खरं सांग. आधी इंजिन बंद पडलं, का आधी यांनी कॉक फिरवला?"

दोन शब्द बोलायचे होते. आधी इंजिन. पण मला वाटलं, एवढं बोललो की पुढचा प्रश्न येणार, मग इंजिन का बंद पडलं? आणि मिस्त्री परत शोधायला लागणार, आणि नळीत एखादा धागा राहिला असला तर? असं सगळं एका क्षणात वाटलं. मी म्हणालो, "मला काय ठावं, मालक. मी डोळं मिटलं हुतं."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. डोळे उघड म्हणून त्यांनीच तर सांगितलं होतं. मी काय काय बघितलं त्यांना पुरेपूर माहीत होतं. ते मालकांना म्हणाले, "सोडा त्याला. भ्याला होता तो. पहिल्यांदाच बसला होता."

आजवर मला पुष्कळांनी शिव्या दिल्या आहेत, गिऱ्हाइकं देतातच. त्यांतली एकही आठवत नाही. हे वाक्य आठवतं.

साहेबांची नोकरी गेली. ही बातमी त्यांच्या धंद्यात कशी पसरली कोण जाणे, दुसरीकडंही त्यांना विमान कुणी दिलं नाही. दोन-तीन ठिकाणी ते भेटायला गेले होते, तिथं प्रश्न तोच, आधी इंजिन का आधी कॉक. बारामतीत चहाच्या गाड्यावर गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. ते स्कूटरला किक मारायला लागले की कुणीतरी हमखास म्हणायचं, "साहेब, कॉक चालू हाय नव्हं?" एकदा मी तिथंच होतो, हातात चहा. सगळे हसले. मीही हसलो. न हसलो तर कुणाला काहीतरी वाटेल, म्हणून हसलो.

नंतर ते इंदापूरला गेले. तिथं एका दूध संघात टँकरांवर देखरेखीचं काम धरलं. मालकांचा विमानाचा सोस दोनेक वर्षांत ओसरला, विमान विकलं, मी गॅरेज टाकलं. मी मनाला समजावत राहिलो, आणि समजावायला माझ्याकडं भक्कम मुद्दा होता. नळी बघायचं काम वैमानिकाचं असतं. त्यांनी बोट लावलं असतं तर कळलं असतं. हे खरंही आहे. हा मुद्दा मी इतक्या वेळा वापरला की झिजून गुळगुळीत झाला, आणि तरी दर वेळी माझंच "बघितलं, साहेब" त्याच्या आड येऊन उभं राहायचं.

ते मधून मधून दिसायचे. इंदापूरच्या एस्टी स्टँडवर एकदा, माझी गाडी सुटत होती. ते बाकावर बसून पिशवीची चेन उघडत होते, आत बघत होते, लावत होते. परत उघडत होते. मी खिडकीतून तोंड फिरवलं.

मग पुष्कळ वर्षं गेली. दोन पावसाळ्यांमागं ते माझ्या गॅरेजवर आले. रिक्षातून उतरले, केस सगळे पांढरे. मी ओळखलं आणि हातातला पाना खाली पडला. त्यांना खुर्ची दिली. चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही. म्हणाले, "एक विचारायला आलोय. तुला राग नाही ना येणार?"

मला राग!

"त्या दिवशी... मी इतकी वर्षं सांगत आलो की इंजिन आधी थांबलं. पण आता मला चित्र नीट दिसत नाही रे. कधी वाटतं हात आधी गेला. लोक म्हणत होते तेच खरं असेल. तू डोळे मिटले होतेस म्हणालास, पण मिटले नव्हतेस, असं मला वाटतं. का तेही मीच मनानं घेतलंय?"

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "जाऊ द्या की साहेब, कशाला जुनं उकरायचं." बायको आत होती, गिऱ्हाईक उभं होतं, ट्रॅक्टर अर्धा खोललेला होता. कारणं काय, लागतील तेवढी मिळतात. ते हो हो म्हणाले, उठले. जाताना खिशाला दोनदा हात लावून बघितला, घराची किल्ली आहे का.

त्यानंतर माझं जेवण तुटलं. बायकोनं विचारून विचारून शेवटी ताट पुढ्यातून ओढून घेतलं, "बोला, न्हायतर उपाशी झोपा." मी सांगितलं. सगळं, चिंधीपासून. तिनं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "आन् ही मला सांगून काय उपेग? मी काय इमान चालवतीय?"

इंदापूरला त्यांच्या घरी गेलो. दार साहेबांच्या बायकोनं, वहिनींनी उघडलं. बारामतीत असताना सणावाराला त्या मला डबा द्यायच्या. मी साहेबांसमोर बसलो आणि खाली बघत सांगत गेलो. चिंधी, काडी, माळ, सुस्कारा, माती. मालकांपुढं बोललो ते खोटं. मध्ये थांबलो तर परत सुरू करता येणार नाही असं वाटत होतं.

ऐकून झाल्यावर त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग कामाचं विचारावं तसं विचारायला लागले. चिंधी कितपत आत होती? ओली होती? काढताना हवेचा आवाज किती वेळ आला? मी सांगत गेलो. त्यांचा उजवा हात मांडीवर हलत होता, जागच्या जागी, काही तरी फिरवल्यासारखा.

"इंजिन थांबलं तेव्हा माझा हात कुठं होता?"

"थ्रॉटलवर, साहेब."

"नक्की?"

"नक्की. आधी इंजिन बंद पडलं. मग तुमी रान बघितलं, वळला, पार खाली आल्यावर कॉक बंद केला."

"परत सांग."

मी परत सांगितलं. ते उठून खिडकीशी गेले आणि तिकडं तोंड करून म्हणाले, "नोकरी गेली त्याचं सोड. मी रात्री उठून गॅसचा खटका बघतो. आल्यावर कुलूप बघतो. माझा हात मला न कळत काही करतो, असं धरून मी इतकी वर्षं जगलोय. तुला कळतंय का मी काय म्हणतोय?"

"व्हय, साहेब."

"नाही कळत तुला. ऊठ. जा."

वहिनी दारापर्यंत आल्या. त्यांना काही तरी बोलायचं होतं, पदर तोंडाशी धरला होता. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मी पण यांना एकदा म्हणाले होते हो, असेल झाली चूक, कबूल करून टाका." आणि दार लावलं.

मला वाटलं, संपलं. माफी नाही मिळाली तरी सांगून झालं.

महिन्याभरानं वहिनींचा फोन आला. "यांना जरा परत सांगाल का? ते विचारतायत, इंजिन आधी का हात आधी. तुम्ही येऊन गेलात ते यांना आठवत नाही." डॉक्टरांनी विस्मरणाचा आजार सांगितला होता. नवं काही टिकत नाही, जुनं तेवढं घट्ट बसलं आहे. आणि जुन्यात काय बसलं आहे? ती शंका.

मी सांगितलं, सुरुवातीपासून. पलीकडून तोच प्रश्न, चिंधी किती आत होती. मग तसाच राग, पहिल्यांदा ऐकल्यासारखा. त्यांना तो पहिल्यांदाच होता.

तेव्हापासून हे चालू आहे. वहिनींनी स्वतः सांगून बघितलं, पण त्यांच्यावर ते विश्वास ठेवत नाहीत. म्हणतात, तू कुठं होतीस तिथं? बघितलेला माणूस लागतो. कधी ते शिव्या देतात, पूर्वी कधी न दिलेल्या. कधी ऐकून नुसते रडतात. एकदा खूप हसले, "चिंधी? धोतराची?" म्हणत हसतच राहिले. एकदा तर म्हणाले, "जाऊ दे रे, तुझंही वय लहान होतं, केलं माफ." त्या दिवशी मी गॅरेज लवकर बंद केलं, बायकोला घेऊन मोरगावला देवाला जाऊन आलो. पुढच्या खेपेला ते विसरले होते. परत तोच प्रश्न, तोच राग.

मी थकलो आहे, हे खरं आहे. हात तेलानं भरलेले असतात, गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं. पण ते ऐकून झालं की त्या रात्री गॅस बघायला उठत नाहीत, असं वहिनी म्हणतात. एक रात्र, कधी दोन. आता गिऱ्हाइकांनाही कळून चुकलं आहे. फोन आला की बायको उघड्या गॅरेजात सगळ्यांदेखत हाक मारते, "साहेब हायेत, सांगा त्यास्नी." आणि मी सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगतो, कारण साहेबांना अलीकडं ऐकूही कमी येतं.